पाच आधी की तीन?

मी काचेची पाटी बोलतेय. शाळेत मला टॅब म्हणतात. पाठीवर सतराचा आकडा चिकटवलाय, म्हणून पोरं 'सतरा नंबर' अशीही हाक मारतात. मारू देत. मला आपलं पाटी म्हटलेलंच बरं वाटतं.

पांढऱ्याफेक दिव्यांच्या कारखान्यात मी जन्मले. तोंडाला कापड बांधलेल्या बायकांनी मला जोडलं. मग खोका, अंधार, हादरे, आणि एके सकाळी दुसरीच्या वर्गात तीस पोरांचा एकच गिल्ला.

आमच्याबरोबर शिक्षकांना शिकवायला एक साहेब आले होते. मूल कसं शिकतं, यावर ते दुपारभर बोलले. मोठमोठी नावं घेतली. सगळ्याचं सार काय, तर बरोबर आलं की लगेच घंटी, चुकलं की लगेच लाल. शाबासकी वेळेवर मिळाली की मूल धावतं.

वर्गाच्या बाईंनी हात वर केला. "पण मूल का चुकलं, ते कळेल का? मूल मनाशी काहीतरी जुळवूनच उत्तर देतं ना?"

"बाई, निकाल हातोहात मिळेल."

"निकाल नाही हो. कारण."

साहेब हसले आणि घोटभर पाणी प्यायले. मला तेव्हा बाईच किरकिऱ्या वाटल्या. नवी होते ना मी, अंगात रग होती.

पोरांची बोटं मी ओळखायला लागले. एक जण बोट चाटून मग टेकवायचा. एक पोरगी पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून चारही उत्तरं दाबायची आणि घंटी वाजली की म्हणायची, "बघा, मला येतं!" मीही वाजवायचे. शहाणपण कुणाचं आणि शाबासकी कुणाला!

आणि एक होती ठिपकी. हनुवटीवर तीळ, म्हणून ठिपकी. तिची आई कपड्यांना इस्त्री करायची. शाळेतून घरी गेलं की गठ्ठ्यातले कपडे मोजायचं काम ठिपकीचं. हिशेब तिच्या जिभेवर नाचायचा. मी विचारलं, सत्तावीस अधिक आठ? ती पुटपुटली, "सात नि आठ पंधरा, पाच लिहिला, हातचा एक. दोन नि एक तीन. पस्तीस." आणि तिनं पाच दाबला. मग तीन दाबला.

आता तुम्हीच सांगा, यात तिचं काय चुकलं? बेरीज एककाकडून सुरू होते. बोलतानाही पस्तीसमधला पाच आधी येतो. वहीवर ती पाच मांडायची आणि त्याच्या डावीकडे तीन ठेवायची. पण माझ्याकडे डावीकडे जागाच नाही. जो आकडा आधी दाबाल तो आधी. दुसरा पडला की मी थांबतही नाही, निकाल देऊन मोकळी. मी त्रेपन्न वाचलं. लाल.

तिनं पुन्हा केलं. लाल. महिनाभर लाल. तिचं पुटपुटणं माझ्या कानावर पडत होतं, पण ऐकलेलं धरायचं मला कुणी शिकवलंच नव्हतं. पुढे पुढे ती दाबायच्या आधीच अंग चोरायला लागली.

महिना संपला आणि मोठ्या सरांनी माझ्यातून यादी काढली. ज्यांचं लाल जास्त, त्यांनी वर्षभर खालच्या खोलीत, 'पायाच्या वर्गात' बसायचं. तिथे पुन्हा एक ते शंभरपासून. ठिपकीचं नाव सगळ्यात वर. सहीसाठी आईला बोलावणं गेलं.

तेव्हा कुठे बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचा तरी काय दोष? तीस पोरं आणि एक जीव. बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही, ठिपकीच्या बोटाकडे बघत राहिल्या. दोनच गणितं झाली आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! तू तर वहीसारखं मागून लिहितेयस!"

त्या मला काखेत मारून तशाच मोठ्या सरांकडे धावल्या. सर म्हणाले, "यंत्राला कुणाशी वैर आहे का, बाई? ठीक. आई येईल तेव्हा तिच्यासमोर कागदावर घ्या. बरोबर आलं तर नाव काढतो."

आई मोठ्या सरांच्या खोलीत आली. हाताला वाफेचे चट्टे, पदराला कपड्याच्या खळीचा वास. मला टेबलावर पालथं ठेवलं होतं, बंद करून. ठिपकीला कागद दिला. सत्तावीस अधिक आठ. तिनं पाच लिहिला, शेजारी डावीकडे तीन. पस्तीस! बाईंनी श्वास सोडला.

पण पोरीनं पेन्सिल खाली ठेवली नाही. माझ्याकडे बघितलं. वाट बघितली. घंटी वाजली नाही.

तिनं खोडरबर घेतलं, सगळं पुसलं आणि लिहिलं, त्रेपन्न.

"अगं, का पुसलंस?" बाईंचा आवाज फाटला.

"वाजलं नाही ना," ठिपकी म्हणाली.

आई पुढे झाली. "सर, आधी बरोबर होतं की. बघा, वळ दिसतोय कागदावर."

"खोडलेलं कसं धरायचं? उद्या प्रत्येक जण खोडलेलंच दाखवेल."

"मग तोंडी विचारा. ही मोजते म्हणून माझ्या गठ्ठ्यात आजवर एक रुमाल कमी पडला नाही."

"नियम लेखी परीक्षेचा आहे, ताई."

"मग मी सही नाही करणार."

"नका करू. यादी आज वर जाणारच. वर्षअखेरीला बघू."

आईनं तो कागद घडी घालून पिशवीत टाकला आणि लेकीचं बोट धरून निघून गेली. मी पालथीच पडून होते. तोंड वर असतं तरी काय दिवे लावणार होते?

त्याला आता चार महिने झाले. माझा एक कोपरा तडकलाय. मी अजून रोज सकाळी वर्गात जाते, लाल-हिरवं करते. बाई आता रोज दोन तरी पोरांच्या शेजारी बसतात. जास्त जमत नाही.

बापांनो, आयांनो, गुरुजींनो, मला वर्गाबाहेर काढा असं मी म्हणत नाही. मी पाढे म्हणवून घेईन, थकणार नाही, रागावणार नाही. पण लाल दिसलं की माझं ऐकून उठू नका. लेकराला विचारा, "कसं केलंस?" तेवढं मला विचारता येत नाही. हात जोडले असते, पण देणाऱ्यानं हात दिले नाहीत.

परवा खालच्या खोलीतले सर बाईंना जिन्यात भेटले. बाईंनी ठिपकीचं विचारलं. ते म्हणाले, "गुणी पोर आहे हो. काही त्रास नाही. चूक तर एक करत नाही."

"म्हणजे यायला लागलं तिला?"

"नाही हो," सर म्हणाले. "पाटी कोरीच ठेवते."