ही युक्ती ताईची

"ताई, तुमच्या कामाची एक गोष्ट सांगते," असं म्हणत बायकांच्या वॉर्डची सिस्टर चादरींच्या खोलीत शिरली आणि धुऊन आलेल्या ढिगावरच टेकली. "चादर मध्ये विरली ना, की टाकायची नाही. मधोमध उभी फाडायची आणि बाहेरच्या दोन्ही कडा आत घेऊन एकमेकींना जोडायच्या. विरलेलं जातं बाजूला, तिथं कोण झोपतंय? आणखी तीन वर्षं चादर हलत नाही बघा!"

मशीनच्या पायडलवरचा ताईचा पाय थांबला. सुईखाली हॉस्पिटलची चादर होती. मधोमध फाडलेली, कडा आत घेतलेली, अर्धीअधिक शिवून झालेली. सिस्टरचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

"कुणी सांगितलं हे?" ताईनं विचारलं.

"अहो, तुमच्या भावजयीनं! आमच्याच इमारतीत ना त्या. काय डोकं आहे हो बाईला! तुम्ही पण शिकून घ्या त्यांच्याकडून काहीतरी."

"हो का? बघते करून," ताई म्हणाली.

"आणि रविवारी येताय ना? खालच्या हॉलमध्ये बोलणार आहेत त्या, काटकसरीवर. सकाळी आठला. तुम्हाला माहीतच असेल म्हणा."

ताईला माहीत नव्हतं. तिनं मान मात्र अशी हलवली, की हे भाषण तिनंच ठरवलंय असं कुणालाही वाटावं. सिस्टर गेल्यावर तिनं मशीन इतक्या जोरात चालवलं, की दोरा दोनदा तुटला. तुटलेले तुकडे तिनं टाकले नाहीत, बटणं लावायच्या डबीत ठेवले. राग कितीही आला तरी दोरा तो दोराच.

तेहेतीस वर्षं ती या खोलीत चादरी सांधत होती. आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा सहा. वडील त्याच्याही आधी गेलेले. ज्या आठवड्यात आई गेली, त्याच आठवड्यात हॉस्पिटलनं तिला कामावर घेतलं, आणि त्या पगारात दोन माणसं, एक खोली आणि एक शाळा बसवताना तिला जे जे सुचलं, तेच म्हणजे ताईची काटकसर. साबणाचा शेवटचा चपटा तुकडा नव्या वडीला ओला करून चिकटवायचा. पेस्टची नळी संपली असं वाटलं की कात्रीनं उभी कापायची, आत आठवडाभराची पेस्ट निघते. पाणी एकदाच उकळून थर्मासमध्ये भरायचं. शर्टाची कॉलर झिजली की उसवून उलटी लावायची. बाजारात यादीशिवाय जायचं नाही. लोक तिला चिक्कू म्हणत. म्हणोत. धाकटा शिकला, काचेच्या कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं.

भावजय आली ती घरभर दिवे लावत. एका खोलीतून दुसरीत गेली तरी मागचा दिवा चालूच. ताईनं कापलेली नळी तिनं दोन बोटांत धरून पाहिली आणि हसत म्हणाली, "अगंबाई ताई, इतकं चिकट राहून जगायचं तरी कशाला?" महिनाभरात हॉस्पिटलजवळ एक खोली पाहून ताई वेगळी झाली. भांडण नव्हतं, फक्त त्या घरातले दिवे तिला बघवत नव्हते.

मग मागच्या वर्षी कारखान्याच्या दोन भट्ट्यांपैकी एक बंद झाली, आणि धाकट्याला आठवड्यातून तीनच दिवस काम राहिलं. त्यानं ताईला बोलावून घेतलं. "ताई, हिला जरा शिकव ना," म्हणाला.

पुढचे सहा रविवार ताईच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. भावजय समोर वही घेऊन बसायची, आणि ताई साबणापासून चादरीपर्यंत एकेक उलगडून दाखवायची. आपल्याला एवढं येतं हे तिला स्वतःलाच नव्यानं कळत होतं. पण भावजय हुशार निघाली, हे ताईचं दुर्दैव. दोन महिन्यांत घर ताळ्यावर आलं, चार महिन्यांत शेजारणी विचारायला येऊ लागल्या, आणि एकदा पाहुण्यांसमोर धाकटा म्हणाला, "हिनं घर सावरलं. सगळं हिचं डोकं." ताई तेव्हा स्वयंपाकघरात थर्मासमध्ये पाणी भरत होती. पाणी हातावर सांडलं, पण ती ओरडली नाही.

तिला हेवा वाटला. साधासुधा नाही, चांगला सणसणीत हेवा. भावजयीच्या घराचा नाही, नवऱ्याचा नाही, पोरीचा नाही. ज्या वर्षांत तिला ना नवीन कपडा मिळाला, ना लग्न झालं, त्या वर्षांतून जे थोडंफार हाती लागलं होतं, तेच या बाईनं उचललं होतं आणि गावभर मिरवत होती. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत कुणीतरी म्हणावं की हे ताईचं आहे. याहून जास्त तिला काही नको होतं, आणि याहून कमी चालणारही नव्हतं.

रविवारी ती हॉलमध्ये शेवटच्या रांगेत जाऊन बसली. पस्तीस-चाळीस बायका जमल्या होत्या. धाकटा खुर्च्या मांडत होता. ताईला बघून तो धावत आला. "अगं, तू आलीस! हिला बरं वाटेल. तुझी ड्यूटी असेल म्हणून सांगितलं नाही."

"रविवारी कधी असते मला ड्यूटी?" ताई म्हणाली, पण तोवर तो पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांकडे गेला होता.

भावजय बोलायला उभी राहिली. फिक्या रंगाचे कडक इस्त्रीचे कपडे, हातात तीच वही. बोलली मात्र छान. हसवत, सोपं करून, कुणाला लाज वाटणार नाही असं. साबण आला, नळी आली, थर्मास आला. प्रत्येक वेळी ताई श्वास रोखून बसायची, आता म्हणेल, आता म्हणेल. भावजय म्हणायची, "मग मला सुचलं..." आणि ताईच्या अंगाची लाही लाही व्हायची. कॉलर उलटी लावायची युक्ती सांगताना तर ती "मी म्हटलं, बघू तरी" असंही म्हणाली. पुढच्या बायका लिहून घेत होत्या. ती सिस्टर मागे वळून ताईला खुणावत होती, लिहा, लिहा.

ताईनं ठरवलं, संपलं की उठायचं आणि सांगायचं. सगळ्यांसमोर. काय होईल ते होवो.

तेवढ्यात एका चष्मेवाल्या बाईनं विचारलं, "सगळं खरं हो, पण खर्च होतो तो खाण्यावरच. तिथं काय करायचं?"

"पोटाला चिमटा काढायचा नाही," भावजय म्हणाली. "पोरांच्या तर मुळीच नाही. पण काही सवयी आपोआप लागतात. आता आमच्या ताई, त्या काय मागं बसल्यात."

चाळीस माना वळल्या. ताई नकळत ताठ बसली. आलं, शेवटी आपलं नाव आलं.

"आमच्या ताईंना लहानपणापासून सकाळी काही खाल्लं की मळमळतं. नुसता चहा घेतात. आमचे हे मला नेहमी सांगतात. तर गेले चार महिने माझंही तसंच झालंय. सकाळचं खाणंच सुटलं. आता एका माणसाची न्याहारी वाचते ना!"

बायका हसल्या. भिंतीला टेकून उभा असलेला धाकटाही हसला. "आमच्या घरात दोन-दोन मळमळणाऱ्या!" तो म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

ताईला कधीच मळमळत नसे. सकाळी पाव एकापुरताच असायचा आणि दूध पेलाभर. सहा वर्षांचा धाकटा एकटा खायला तयार होईना. "तू घे, मग मी घेतो," म्हणून अडून बसायचा. एके दिवशी ताईनं त्याला सांगितलं, सकाळी खाल्लं की मला मळमळतं बाबा, तू खा. त्याला ते पटलं. पुढं बरे दिवस आले तरी सांगितलेलं मागे कसं घ्यायचं ते तिला समजलं नाही, आणि भावासमोर ती सकाळी तेहेतीस वर्षं नुसता चहा पीत राहिली.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हेच, की हेसुद्धा घेतलंस! माझी भूकसुद्धा सोडली नाहीस!

मग तिनं भावजयीकडे नीट पाहिलं. शिवणाऱ्या बाईचे डोळे. बाह्या दंडावर सैल झाल्या होत्या, खांद्याची शिवण खाली ओघळली होती. बोलता बोलता भावजयीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली, ग्लास उचलला आणि पाणी प्यायली. घाईघाईनं, मोठे घोट घेत, सगळं संपवून. असं पाणी ताई स्वतः कित्येक वर्षं प्यायली होती. त्यानं पोट तासभर गप्प बसतं.

टाळ्या संपल्या तेव्हा ताई उभी होती. आपण कधी उठलो ते तिला कळलंच नव्हतं.

"ताई, तुम्हाला काही सांगायचंय का?" भावजयीनं विचारलं. हसत होती, पण जरा बावरून.

एका वाक्यात सगळा हॉल ताईचा झाला असता. साबण, नळी, कॉलर, चादर, सगळं एका झटक्यात परत मिळालं असतं, आणि वर ही बाई खोटी पडली असती. इतकं सोपं काही तिला आजवर मिळालं नव्हतं. धाकटा कौतुकानं बघत होता.

"काही नाही," ताई म्हणाली. "उशीर झालाय. पोर वर वाट बघत असेल."

वर तिसऱ्या मजल्यावर, टेबलाशी पोर खरंच पाय हलवत बसली होती. भावजयीनं दोन अंडी उकडली, पाव भाजला. एक अंडं पोरीच्या ताटलीत, एक धाकट्याच्या. मग ताईसाठी आणि स्वतःसाठी चहाचे दोन कप.

"ताटल्या कमी पडल्या," ताई म्हणाली.

"कुणाला, ताई?"

"मला एक दे. तुला एक घे."

धाकट्यानं मान वर केली. "ताई, अगं तुला मळमळेल."

"नाही मळमळत."

"कधीपासून?"

"कधीच नव्हतं मळमळत रे. पाव एकाचाच होता."

धाकटा हसायला निघाला होता, पण मधेच थांबला. त्याच्या हातातला पाव तसाच राहिला.

"आणि हिलाही नाही मळमळत," ताई म्हणाली. "तिच्या बाह्या बघ. तिला आपले सगळे कपडे शिवणीत आत घ्यावे लागतील. तुला दिसत नसेल, मला दिसतं."

"ताई, नका ना," भावजय अगदी हळू म्हणाली. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. "मला वाटलं, तुम्हाला जमलं तर मला का नाही जमणार. लग्न झाल्यापासून ऐकतेय, ताईनं असं केलं, ताईनं तसं केलं, ताईला कधी काही लागलं नाही. जेवताना ताई, झोपताना ताई. बाहेर चारचौघांत तरी जरा माझं नाव व्हावं म्हणून मी... त्या युक्त्या तुमच्याच आहेत, मला काय माहीत नाही? पण पाहुण्यांसमोरचं सोडा, एरवी 'तूही ताईसारखीच' असं कुणी मला कधी म्हटलंच नाही या घरात."

ताईला आतून इतकं बरं वाटलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. लगेच रागही आला. इतकी वर्षं या घरात रोज आपलं नाव निघत होतं, आणि आपल्याला एका शब्दानं कुणी कळवलं नाही. कळवायला पैसे थोडेच पडत होते! आणि ही बया आपला हेवा करत बसली होती, आपण हिचा करत होतो तेव्हाच.

"बस आधी," ती म्हणाली. "उभ्यानं रडू नये. पडशील."

भावजय बसली. ताईनं उठून दोन ताटल्या काढल्या, पाव वाटून घातला. पोर तिघांकडे आळीपाळीनं बघत आपलं अंडं भराभर खात होती. धाकट्यानं भरून आलेले डोळे पुसले नाहीत, त्यानं चमचा घेतला, आपल्या अंड्याचे मधोमध दोन भाग केले आणि त्यातला एक उचलून बायकोच्या ताटलीत ठेवला.

ताईनं ते पाहिलं. जुना, ओळखीचा हेवा जागा झालाच. त्याचा हात आधी बायकोकडे गेला होता.

मग तिनं हात लांब केला आणि त्याच्या ताटलीतला उरलेला अर्धा भाग स्वतःच उचलून घेतला. ताईनं त्यावर मीठ घातलं, जरा जास्तच, आणि सावकाश खाल्लं.