साडूपेक्षा पाच हजार जास्त

शिरूरच्या बाजारपेठेमागच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर लिमिटबाबा बसले होते. पुढ्यात ताम्हन, ताम्हनात हळदीकुंकू लावलेली दोन क्रेडिट कार्डं आणि वर एक लिंबू. साल दोन हजार आठ. रांजणगावच्या कारखान्यांच्या गेटवर एजंटांनी कार्डं प्रसादासारखी वाटली होती, एकेकाला एकाच बँकेची दोन-दोन. प्रसाद वाटला गेल्यावर बाबा उगवायला कितीसा वेळ लागणार!

"भक्तांनो, कार्ड म्हणजे लक्ष्मीचं वाहन!" बाबा गरजले. "एका कार्डात साडेसाती बसली की दुसऱ्याची वाढ खुंटते. बाबा साडेसाती काढतो. अहो, बँका कर्जाआधी तुमचा सिबिलचा अहवाल बघतात ना? त्यातले नवग्रह बाबापुढं हात जोडून उभे राहतात!"

अर्ध्या तासात एक मोबाईल वाजला. दौंडच्या मल्हारीनं उठून मेसेज वाचला, "लिमिट पन्नासाचं पंच्याहत्तर हजार झालं!" टाळ्यांनी पत्रे थरथरले. मागच्या रांगेत संपत मात्र टाळी वाजवायचा थांबला. मल्हारी त्याचा थोरला साडू. मल्हारीनं रंगीत टीव्ही घेतला तेव्हा संपतनं कार्डावर त्याहून दोन इंच मोठा आणला होता आणि त्याचे अठरा हजार अजून फिटायचे होते. आता तर देवच साडूच्या बाजूनं उभा राहिलेला दिसत होता.

"अवो, घराचं कर्ज काढायचंय आपल्याला. ह्यात नगा पडू," बायको, हर्षदा, दबक्या आवाजात म्हणाली. दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी तिनं सहा वर्षं शिवणकाम करून साठवलेले पन्नास हजार बयाणा म्हणून दिले होते. तीन महिन्यांत कर्ज मिळालं नाही तर बयाणा बुडणार होता.

"तू गप बस. त्याचं पंच्याहत्तर झालं, दिसलं न्हाई व्हय?" संपत म्हणाला आणि अकराशे रुपये दक्षिणा घेऊन रांगेत लागला.

बाबांनी कागद पुढं ओढला. "संकल्प सोडायचाय. नाव, जन्मतारीख, आईचं नाव सांग." संपतनं सगळं सांगितलं. पूजेला बसलेला माणूस एवढं सांगतोच, त्याला त्यात वावगं काय वाटणार? कार्डं अभिषेकासाठी पडद्याआड गेली. "साडूचं किती म्हणालास? पंच्याहत्तर? तुझं ऐंशी करतो. पण नीट ऐक, दोन मेसेज येतील. पहिला लक्ष्मीचा. दुसरा पनवतीचा, तो न वाचता डिलीट कर. वाचलास तर बाबा जबाबदार नाही!"

पहिला मेसेज ऐंशी हजारांचा आला. दुसरा संपतनं डोळे मिटून डिलीट केला आणि घरी जाण्याआधी मल्हारीला फोन लावून ऐंशीचा आकडा दोनदा ऐकवला. त्या रात्री त्याला झकास झोप लागली.

दीड महिन्यानं बँकेतल्या कर्जाच्या साहेबांनी त्याचा अहवाल वाचला आणि मान हलवली. "तुमचं एक कार्ड काठोकाठ भरलंय. वीस हजारांची मर्यादा आणि अठरा हजार बाकी. अशा माणसाचा हात आखडलेला दिसतो. आत्ता कर्ज देता येणार नाही."

"वीस? पन्नास हाय साहेब त्याचं!"

"होतं," साहेब म्हणाले.

हर्षदा शेजारच्या गौतमी मॅडमकडं गेली. मॅडम हायस्कुलात गणित शिकवायच्या. त्यांनी दोन्ही कार्डांची स्टेटमेंटं मागवून शेजारी शेजारी ठेवली.

"संपतभाऊ, आधी पन्नास आणि पन्नास. आता ऐंशी आणि वीस. बेरीज करा."

"लाखच की."

"मग वाढलं काय?"

संपतनं दोन्ही कागद पुन्हा जवळ ओढले. मॅडमनी विचारलं, "बाबानं आईचं नाव कशाला घेतलं? बँकेला फोन केला की तीसुद्धा हेच विचारते."

पुढच्या रविवारी बाबांचा दरबार दौंडला होता. हर्षदाला बहिणीकडून कळलं की मल्हारी पुन्हा बसणार आहे. संपतच्या ऐंशीनं त्याची झोप उडाली होती, आता त्याला नव्वद हवे होते. शिवाय त्यानं मुलीच्या नर्सिंगसाठी कर्जाचा अर्ज टाकला होता. त्याला अडवायला हर्षदा संपतला आणि गौतमी मॅडमना घेऊन दौंडच्या एसटीत बसली.

संपतच्या मनात पहिला विचार आला तो असा: बसू दे. माझं अडकलं, त्याचंही अडकू दे. खोटं कशाला बोला, त्या विचारानं त्याला गारवा वाटला. पण एसटीत शेजारी बसलेली हर्षदा खिडकीबाहेर बघत होती, पदरानं डोळे टिपत होती, आणि साडूची ती पोर हर्षदाच्याच मांडीवर वाढलेली होती. गारवा दौंडपर्यंत टिकला नाही.

मल्हारीचा संकल्प सुटला, कार्डं पडद्याआड गेली, तेवढ्यात संपत पुढं झाला. "पाव्हणं, कार्डं माघारी घ्या. माझं घर अडकलंय ह्या लिंबापायी." भर सभेत, साडूसमोर, त्यानं हे कबूल केलं.

"नास्तिक! भ्रष्ट!" बाबा कडाडले.

"लिंबू तुमच्याकडंच ठेवा," गौतमी मॅडम म्हणाल्या. "संपतभाऊ, लावा फोन. स्पीकरवर."

संपतनं कार्डाच्या मागचा नंबर फिरवला. सभा कान टवकारून ऐकत होती. बँकेतला माणूस विचारत होता, "सर, अपनी जन्मतिथि बताइए. माताजी का नाम?" संपतनं फोन तोंडाशी धरून हळूच सांगितलं, मग ऐंशीतले तीस परत दुसऱ्या कार्डावर टाकायला सांगितले. थोड्या वेळानं दोन मेसेज आले आणि यावेळी त्यानं दोन्ही मोठ्यानं वाचले. पन्नास. पन्नास.

मल्हारीनं उठून व्यासपीठावरचा पडदा ओढला. मागं बाबांचा चेला कानाला फोन लावून बसला होता, हातात संकल्पाचा कागद आणि मल्हारीची कार्डं. फोनवर तो स्वतःला मल्हारी म्हणवत होता.

लोक खवळले. मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. "मारू नका, पोलिसांना बोलवा. आणि ध्यानात ठेवा, एका कार्डावरची मर्यादा दुसऱ्यावर सरकवली तर एकूण पत तसूभर वाढत नाही. अहवालात प्रत्येक कार्ड वेगळं दिसतं. उधारी असलेल्या कार्डाची मर्यादा कापली तर ते भरलेलं दिसतं आणि तुमचंच कर्ज अडतं. वाढलं म्हणून कोणी सांगितलं तर कुठून आलं ते विचारा. जन्मतारीख आणि आईचं नाव कोणालाही देऊ नका. पनवतीचा म्हणून सांगितलेला मेसेज तर आधी वाचा."

मल्हारी कार्डं पुसत संपतजवळ आला. "मला आधी का न्हाई सांगितलं?"

"तुमचं बी अडकावं असं वाटत व्हतं," संपत म्हणाला.

मल्हारीनं कार्डं खिशात घातली आणि म्हणाला, "तुमचं ऐंशी झालं तवा मला बी तसंच वाटलं व्हतं. त्या बाबाला मंतर कशाला लागतोय, संपतराव? आपुन दोघं व्हतोच की."

फ्लॅटच्या मुदतीला महिना उरला होता. नवा अहवाल वेळेत येईल की नाही, ते कोणत्याच ग्रहाला ठाऊक नव्हतं. टीव्हीचे अठरा हजार लवकर फेडणं एवढं एकच काम संपतच्या हातात होतं, आणि सोमवारी त्यानं तो टीव्ही विकायला काढला.