दोन फुटांची सूट

अर्जात कारण लिहायचं होतं, आणि नेमकं कारणच लिहिता येत नव्हतं. गंगाराम शिंप्याच्या जिवाची सगळी तगमग तिथे होती.

म्युनिसिपालिटीचा नियम तसा साधा. शेजाऱ्याच्या कुंपणापासून पाच फूट जागा मोकळी सोडायची. गंगारामला घराच्या दक्षिणेला एक खोली काढायची होती, आणि ती काढली की उरत होते तीन फूट. दोन फुटांची सूट मिळायची, नाही असं नाही. पण त्याला शेजाऱ्याची संमती लागे, आणि 'विशेष कारण' लागे.

विशेष कारण मिरजेच्या दवाखान्यात खाटेवर होतं. त्याची बायको रुक्मिणी सात महिने तिथे क्षयाची इंजेक्शनं घेत होती. वाडीत मात्र त्याने सांगून ठेवलं होतं की ती मुंबईला भावजयीच्या बाळंतपणाला गेली आहे. सात महिने चाललेलं बाळंतपण! आता डॉक्टर म्हणत होते, बाई बऱ्याच सुधारल्यात, घरी न्या. पण वेगळी, वाऱ्याची खोली असेल तरच सोडीन. १९५८ चा चैत्र सरत आला होता. पावसाच्या आत चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या नाहीत तर दिवाळीपर्यंत नाव काढायला नको. मागच्या भेटीत रुक्मिणीने त्याच्या सदऱ्याची बाही धरून ठेवली होती. "माका घराक घेवन चला," एवढंच म्हणाली होती.

खरं लिहावं, तर त्यांच्या मुलीला, विमलाला, बघायला येणारी कुडाळची मंडळी अर्ध्या वाटेवरून परत फिरणार, आणि क्षयाच्या घरात कपडे शिवायला टाकणार कोण? म्हणून त्याने लिहिलं, 'धान्य साठविण्याकरिता'. शेत नाही, कुळाकडून येणारा खंड नाही, आणि शिंप्याला धान्याची कोठी! त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मशीनवर बसला की पाय चालत नसे, उठला की कशाला उठलो ते आठवत नसे. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्याने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

ओव्हरसियर जागा बघायला आला तो सकाळीच, टेप घेऊन. कुंपणापलीकडे हौसाबाई आधीच येऊन उभी होती. साठीची विधवा बाई, घरात दोन लहान नातवंडं, बोलायला फटकळ. आणि संमतीची सही तिचीच हवी होती.

मापं झाली. ओव्हरसियरने नकाशा उलगडला.

"धान्याची खोली म्हणता आणि तीन खिडक्या? धान्याला वारा कशाला?"

"कोंदट राहू नये म्हणून, साहेब."

"मग मागच्या पडवीत ठेवा. असल्या कारणाला सूट मिळत नाही. मी तसा शेरा मारतो."

शेरा म्हणजे खोली गेली दिवाळीवर. गंगारामने नकाशावर हात ठेवला.

"शेरा मारू नका," तो म्हणाला. "माझ्या बायकोला क्षय आहे. मिरजेला आहे ती. खोली तिच्यासाठी हवी."

विमला दारात सूप घेऊन उभी होती, तिने कुणी ऐकलं का म्हणून चटकन रस्त्याकडे पाहिलं. हौसाबाई दोन पावलं मागे सरली आणि तिने पदर नाकाला लावला. रुक्मिणी होती तिकडे लांब मिरजेला, पण पदर आपसूक वर गेला.

"खरा काय ता, गंगाराम?"

"खरा, काकी. तुमची सही झाली तर..."

"नाय रे बाबा. माजी नातवंडा हयसर खेळतत. तीन फुटांवर तिचो खोकलो? मी सही दिवचंय नाय. माका भय वाटता."

तिचं चुकलं असं गंगारामला म्हणता येईना. लोकांच्या याच भीतीपायी तो सात महिने खोटं बोलत आला होता. तो तिथेच चिऱ्यांच्या ढिगावर बसला. ओव्हरसियर टेप गुंडाळू लागला. हौसाबाई मात्र हलली नाही.

"माका एक सांग. तुज्या घरात बरो वारो खंय येता?"

"भायल्या खोलीत."

"थंय कोण निजता?"

"मी."

"मगे?" हौसाबाई म्हणाली.

गंगारामने मान वळवून घराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीला समुद्राकडे दोन मोठ्या खिडक्या होत्या. तिथे पाहुणे बसत, पुरुषमाणसं जेवत, आणि त्याच्या बापाच्या खाटेवर तो निजत असे. आजारी माणूस, बाळंतीण, सगळी मागच्या अंधारात. असंच तो लहानपणापासून बघत आला होता. बायकोसाठी त्याने कचेरीचे उंबरे झिजवले, नकाशे काढवले, पण स्वतःचं अंथरूण उचलायचं काही त्याला सुचलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"साहेब, अर्ज मागे घेतो," तो म्हणाला.

तो तडक आत गेला. विमलाला म्हणाला, "खाट हयच रवांदे. माजा अंथरूण पडवेत टाक. आणि मिरजेक आजच कार्ड लिव, खोली झाली म्हणान."

विमलाने गादीचं एक टोक धरलं. खाली बघतच ती म्हणाली, "आयेन गेल्या पावसात इचारल्यान होता तुमका, खिडकेकडे निजू काय म्हणान."

"मी काय सांगलंय?"

"पावणे इले तर बरा दिसाचा नाय, म्हणालात."

गंगारामला ते आठवतसुद्धा नव्हतं.