मागच्या मोरीचा नळ

दिनानाथांच्या घरात फ्रिज उघडायचा तर आधी पायात चपला घालायच्या. हा त्या घरचा कुळाचार. फ्रिजपुढे निळ्या रबरी चपलांचा एक जोड कायम मांडलेला असायचा. दूध काढायचं असो की कोथिंबीर, चपलेत पाय सरकवायचे, दार उघडायचं, काम उरकलं की जोड पुन्हा जागेवर. पाहुणा आला तरी तेच. "चपला घाला हं, जरा झिणझिण्या येतात," असं दिनानाथ इतक्या कौतुकाने सांगायचे की जसं काही फ्रिजला थट्टेची सवय आहे. आणि कळस म्हणजे पाहुणेही हसत हसत घालायचे!

त्यांच्या सुनेला, वृंदाला, त्या चपलांची शिसारी यायची. सगळ्या घरादाराच्या तळव्यांचा घाम पिऊन त्या काळ्या पडलेल्या, अंगठ्यांचे खळगे पडलेले, वर सांडलेल्या ताकाचा नि आमटीचा राप. लग्न होऊन कुळगावच्या या बैठ्या घरात आल्यापासून तिने त्या कितीदा घासल्या, वैतागून फेकूनही दिल्या. दुसऱ्या दिवशी नवा जोड हजर, आणि आठवडा जातो न जातो तोच त्याचीही तीच कळा. "अगं, घर जुनं आहे, चालायचंच," नवरा म्हणायचा. देवदत्तचं सगळंच चालायचं.

बरं, हे कोणाच्या घरात? तर अंबरनाथच्या कारखान्यात उभा जन्म सेफ्टी ऑफिसर म्हणून काढलेल्या माणसाच्या! दर वर्षी सुरक्षा सप्ताहात कामगारांना रांगेत उभं करून, हात पुढे करायला लावून शपथ देणारा हा गृहस्थ. रिटायर झाले तरी हौस फिटली नव्हती. सोसायटीच्या झेंडावंदनाला पोरांना उन्हात ताटकळत ठेवून निष्काळजीपणावर भाषण ठोकायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी कसा असतो?

घरातलं वायरिंग महेंद्रचं. महेंद्र म्हणजे त्यांच्याच कारखान्यातला एक हेल्पर. लायसन नाही, शिक्षण नाही, पण 'घरचा माणूस'. यायचा, बशीभर पोहे हाणायचा, पडद्याला हात पुसायचा, वायरीला काळी टेप गुंडाळायचा नि चालू पडायचा. उन्हाळ्यात ती टेप पाघळून भिंतीवर ओघळायची आणि तिला झुरळं चिकटून मरायची. शी! ती झुरळं कोण काढणार? वृंदाच.

नाहीतर बनूबाई. बनूबाई मागच्या खोलीत राहायची. भाडं द्यायचं नाही, त्याबदल्यात दोन्ही वेळची भांडी आणि धुणं करायचं, असा दिनानाथांचा जुना करार. खोलीला लागून उघडी मोरी, मोरीत एक लोखंडी नळ. त्या नळावर बनूबाई घरातला सगळा खरकट्याचा ढीग उपसायची. आणि त्या नळाला ती भ्यायची.

"वयनी, त्या नलान कायतरी हाय," ती कुजबुजून सांगायची. "माजा हात धरून ठेवतंय."

तिने नळाला हळदकुंकू लावलं. दर शनिवारी त्याच्या मानेला लिंबूमिरची बांधायची. हाताला फडकं गुंडाळून, देवाचं नाव घेत तोटी फिरवायची. हे बघून दिनानाथ पोट धरून हसायचे. कोणी घरी आलं की तिला हाक मारायचे, "बनूबाई, आपल्या भुताची गोष्ट सांग बघू!" तीही बिचारी ओशाळून सांगायची. मग सगळे हसायचे. अडाणी हो, काय करणार! वृंदाही एकदोनदा हसली होती. तिला ते पुढे फार लागलं.

हळूहळू बनूबाईच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. कपबशा हातातून सुटायच्या. दिनानाथांनी दोनदा खडसावलं आणि तिच्या चहासाठी प्लास्टिकचा कप वेगळा काढला. एकदा ती मोरीतच कोसळली, तेव्हा सगळ्यांचं ठरलं की उपासाने चक्कर आली.

पण खरी ठिणगी पडली ती इराच्या निमित्ताने. इरा वृंदाची एकुलती लेक, यंदा सातवीला. एका रविवारी पोर न्हाऊन ओल्या पायांनी स्वयंपाकघरात आली आणि तहानेच्या नादात अनवाणीच फ्रिजला हात घातला. हात दाराला चिकटला. तोंड उघडं, पण आवाज फुटेना. वृंदा पोळ्या लाटत होती. तिने हातातल्या लाटण्याचा असा काही फटका पोरीच्या मनगटावर हाणला की हात सुटला आणि इरा मागच्या मागे फरशीवर आपटली. ओठ निळे, अंग लटलट कापतंय. वृंदाने तिला उराशी कवटाळलं.

बाहेरच्या खोलीत दिनानाथ पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "चपला घातल्या नसतील."

चपला घातल्या नसतील! वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नात मरता मरता वाचली आणि हा माणूस चपलांचं काढतोय?

"अण्णा," ती म्हणाली, "या घराचं सगळं वायरिंग आता बदलायचं. लायसनवाला माणूस येईल आणि तोच करेल. तोवर इरा माझ्या आईकडे, विठ्ठलवाडीला. आणि हे घर धड झालं नाही ना, तर ती परत येणार नाही. मीही येणार नाही."

"अगं, महेंद्रला सांगू की," देवदत्त मध्ये पडला. "घरचा माणूस आहे."

"त्याने या उंबऱ्यात पाय टाकला तर पोह्यांऐवजी हे लाटणं खाईल."

त्या संध्याकाळीच तिने इराला आईकडे पोचवलं.

चार ठिकाणी विचारून तिला उल्हासनगरचा कमलेश सापडला. लायसनवाला कॉन्ट्रॅक्टर, आणि ते लायसन गळ्यात अडकवूनच फिरणारा. गाडीवरून उतरल्या उतरल्या ते कार्ड त्याने देवदत्तला असं दाखवलं की हवालदारही वरमेल. कमलेशला स्वतःबद्दल भारी अभिमान. "मॅडम, अपुन हात लावला ना, तर वीस वर्षं टेन्शन नाय," इथून सुरुवात. वृंदाला तोही फारसा आवडला नाही, पण कामाशी काम.

त्याने स्वयंपाकघरातल्या बोर्डाचे स्क्रू काढले आणि पत्रा बाजूला केला. आतून आलेल्या वासाने वृंदाने पदर नाकाला लावला. उंदराच्या मुताचा, जळक्या रबराचा, कुबट. आत एक पाल वाळून लाकूड झालेली, तिच्या पोटाखाली झुरळांची अंडी, लेंड्या, आणि उघड्या तांब्याच्या तारा एकमेकींवर पडलेल्या. त्यात महेंद्रने कधीतरी विडी विझवून कोंबली होती. या बोर्डाखाली उभं राहून आपण इतकी वर्षं पोरीला भरवत आलो! वृंदा बेसिनवर जाऊन चूळ भरून आली.

"ये घर है की उंदराचं बीळ?" कमलेश म्हणाला. "फ्रिजच्या प्लगची मोठी, अर्थिंगची पिन पण तोडून टाकलीय, बघा. शॉक मारणार नाय तर काय करणार? आणि अर्थिंग कुठाय तुमचं?"

अर्थिंग म्हणजे गळका करंट मुकाट जमिनीत उतरवायची वाट, एवढं वृंदाला ठाऊक होतं. कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. कमलेश शोधत निघाला. बाथरूममधल्या गिझरपासून एक हिरवी वायर निघाली होती. ती माळ्यावरून गेली, मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर पडली आणि खाली उतरली. दोघं तिच्या मागोमाग घराला वळसा घालून मागे आले. वायर बनूबाईच्या मोरीत आली होती. तिथे नळाच्या पाइपाला तिचे वेढे घातलेले, त्यावर काळी टेप, आणि टेपवर शनिवारची लिंबूमिरची.

कमलेशने नळाला टेस्टर लावला. टेस्टर लख्ख पेटला.

"आयला!" त्याने हात मागे घेतला. "पुढे तुम्ही पाइप प्लास्टिकचे केले, मागे लोखंडी तसाच सोडला. हा जमिनीपर्यंत जातच नाय. करंट येऊन या नळात बसतो आणि जो हात लावेल त्याच्यातून खाली उतरतो. कोण वापरतं हा?"

समोर दारात बनूबाई उभी होती. डाव्या हातात भांड्यांचं टोपलं, उजव्या हाताला फडकं.

आणि वृंदाला आठवलं. नवा गिझर बसवला तेव्हा बाथरूममध्ये अण्णांनाच शॉक बसायचे. रोज कुरकुर. मग एका दुपारी महेंद्र आला, पोहे खाऊन गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून शॉक बंद. "जादू केली पठ्ठ्याने!" अण्णा जो भेटेल त्याला सांगायचे. नळात भूत शिरलं ते त्यानंतरच.

"मेन बंद करा," ती कमलेशला म्हणाली. "सगळ्या घराचा. आणि मी सांगेपर्यंत कोणाला बोलू नका."

तो जाऊन मेन पाडून आला. तेव्हा कुठे ती पुढच्या अंगणात गेली आणि पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांना मागे घेऊन आली. तिच्या मनात अजून एक वेडी आशा होती. म्हातारा आहे, हेकट आहे, पण त्याला ठाऊक नसेल. एवढं तरी देवाने ठेवलं असेल. ठाऊक असताना कोणी हसेल का असं?

दिनानाथांनी हिरव्या वायरकडे पाहिलं, चष्मा वर सरकवला. "हे महेंद्रचं काम. मला काय माहीत यातलं?"

"मग हे पण काढून नवीन करायला लागेल," कमलेश म्हणाला. "अर्थिंगचा खड्डा मारून, व्यवस्थित."

"छे, छे. तुम्ही पुढचं घर करा. ही खोली तशी पाडायचीच आहे कधीतरी, उगाच कशाला व्याप? आणि इतकी वर्षं वापरतेच आहे ना ती? काही झालंय का तिला? धडधाकट आहे."

बनूबाईने टोपलं खाली ठेवलं. बधिर बोटांची मूठ पदराखाली घेतली.

"मागचं असंच ठेवलं तर मी सही नाय देणार," कमलेश कान खाजवत म्हणाला. "माझं लायसन आहे. बाकी तुमचं घर, तुमची मर्जी."

वृंदाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. एकाला लायसनची पडलेली, एकाला व्यापाची. बाईच्या जिवाची कोणालाच नाही. उघड्या बोर्डातली ती घाण परवडली, निदान ती पत्र्याआड तोंड लपवून होती.

"अण्णा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"सांगितलं ना एकदा."

"बरं. मग तो नळ जरा उघडा. माझे हात खरकटे आहेत."

दिनानाथ नळाकडे वळले. एक पाऊल टाकलं आणि थांबले. त्यांची नजर नळावर नव्हतीच. ती मागच्या दाराच्या कोपऱ्यात गेली, तिथे त्यांचे कारखान्यातले काळे रबरी गमबूट उभे होते.

जास्वंदीला पाणी घालायचं तर अण्णा रोज आधी ते बूट चढवायचे. मगच या नळाची तोटी फिरवायचे. भर मे महिन्यातसुद्धा, चिखलाचा टिपूस नसताना. वृंदाच किती जणांना सांगायची, आमचे अण्णा भारी टापटिपीचे, पायाला माती लागलेली खपत नाही.

दिनानाथ कोपऱ्याकडे गेले, वाकले आणि एका बुटात पाय घालू लागले. दुसरा बूट हातात घेतल्यावर त्यांना आपल्यावर खिळलेल्या नजरा जाणवल्या असाव्यात, कारण ते तसेच वाकलेले राहिले.

वृंदाने पायातल्या चपला काढल्या. ओल्या मोरीत अनवाणी उतरली आणि तोटी फिरवली. पाणी भडाभडा वाहू लागलं.

"मेन बंद आहे, अण्णा," ती म्हणाली. "ज्याला माहीत नसतं त्याला बूट लागत नाहीत."

"अगं, पण... तसं नाही..." दिनानाथ एका पायात बूट घालून भिंतीला धरून उभे राहिले.

बनूबाई पुढे आली. हाताचं फडकं सोडलं. नळाच्या मानेची लिंबूमिरची तिने दाताने दोरा तोडून काढली, दिनानाथांच्या हातातल्या बुटात टाकली आणि म्हणाली, "भूत हितं हाय, वयनी. मी उगाच नलाला कुकू लावत व्हते."

कमलेशने खाकरून पाना उचलला. "मॅडम, मग काम कुठून सुरू करू? पुढून?"

"मागून," वृंदा म्हणाली.