कपाटावरचा कागद

आमचे हेडमास्तर उत्तमराव म्हणजे भला माणूस, पण नियमांचं भारी वेड. रोहिणखेडजवळच्या आमच्या गावात ते चौसष्ट साली बदलून आले आणि पहिल्याच आठवड्यात शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराच्या कपाटावर त्यांनी एक कागद डकवला. ‘उघडायचं: किसनराव. पाहायचं: ज्याचं मूल, त्यानं. लिहायचं: शेषराव. खोडायचं: हेडमास्तर.’

शेषराव म्हणजे मी. निळ्या शाईनं लिहायचं, पण लिहिलेल्याला हात लावायचा नाही. खोडायची लाल शाई हेडमास्तरांची. मात्र नवीन अक्षर लिहायचं नाही, ही मनाई त्यांनी स्वतःच स्वतःला केलेली. किल्ली शिपाई किसनरावाच्या करगोट्याला, आणि त्याला वाचता येत नव्हतं. “म्हणूनच त्याच्यापाशी ठेवली,” हेडमास्तर म्हणत. मी पाठीमागे पोटभर हसून घेतलं. एका वहीपायी तीन माणसं!

त्याच वर्षी जुलैत एका दुपारी जनकाबाई आली. तिची पंचफुला शाळेत उशिरा आलेली, यंदा सातवी पास झाली होती. बुलढाण्याला नर्सचं शिक्षण घ्यायचं म्हणून तिनं ध्यास घेतला होता. अर्ज उद्याच पोचवायचा होता आणि वय सतरा पूर्ण हवं होतं. मी सकाळी पंचफुलाला सांगून बसलो होतो की तुझं सोळाच भरतं.

“गुरुजी, थे कपाशीच्या शेवटच्या वेचणीले झाली, सत्तेचाळीस साली,” जनकाबाई म्हणाली. “तिच्या बापानं कोतवालबुकात, गावच्या जन्म-मरनाच्या वहीत, लिवून घेतलं. हे पाहा नक्कल. मी तुमाले तवाच सांगतलं होतं.”

किसनरावानं कपाट उघडलं. रजिस्टरात माझ्याच वळणदार अक्षरात होतं: १ जून १९४८.

माझं तोंड उतरलं. शाळेत नावं घालायच्या दिवसांत रांग लागायची. एखादी आई जराशी अडखळली की मी एक जून ठोकून मोकळा. अर्धा गाव मी एकाच दिवशी जन्माला घातला होता. आणि ही बाई तर अडखळलीही नव्हती. मीच ऐकलं नव्हतं.

हेडमास्तर तापानं घरी पडलेले. लाल शाईची दौत मात्र त्यांच्या टेबलावर होती. मी ती उचलली. किसनरावानं रजिस्टरावर आपला तळवा ठेवला.

“मास्तर, मले वाचता येत नाही, पन लाल रंग दिसते.”

“पोरीचं काम आहे, किसनराव!”

“म्हनूनच. उद्या कोनी खोटं म्हनलं तं पोरगी वापस येईन.”

असा राग आला मला! शिपायानं मास्तराला शिकवावं? पण तो खरं बोलत होता, आणि त्याचाच जास्त राग आला. मी दौत ठेवली आणि हेडमास्तरांच्या घरी धावलो.

ते घोंगडी पांघरून आले, दात वाजत होते. नक्कल दोनदा वाचली, जुनी तारीख लाल शाईनं खोडली, सही केली आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी लिहिलं: ९ फेब्रुवारी १९४७. मग दाखला तयार केला.

“बाई, नाव घालताना तुम्ही यांना हीच तारीख सांगितली होती?” हेडमास्तरांनी विचारलं.

जनकाबाईनं माझ्याकडे पाहिलं. एका शब्दात तिनं माझी अब्रू घेतली असती.

“गर्दी लय होती, साहेब,” ती म्हणाली.

मला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं. पंचफुलाचा दाखला पदराआड जपत ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं पंचफुला बुलढाण्याला जाणार होती.

मी निळा टाक घेतला आणि कपाटावरच्या कागदावर, अगदी वर, एक ओळ घातली: ‘विचारायचं: आईला.’

हेडमास्तरांनी ती वाचली. लाल दौत त्यांच्या हाताशीच उघडी होती. त्यांनी तिचं बूच लावलं.