डिक्कीतला वूफर

बार्शीटाकळीच्या आसपास फुलं पिकवणारी घरं काही कमी नाहीत. पण मळ्यातली फुलं स्वतःच्या गाडीत घालून, स्वतः गाडी चालवत लग्नाचे मंडप सजवायला जाणारी बाई म्हणाल तर रुपालीच. गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली, पण रुपालीच्या कमाईची आणि रुपालीच्याच नावावर. मागची सीट आडवी केली की शेवंतीची, झेंडूची क्रेटं एकावर एक बसायची आणि वर हारांच्या टोपल्या.

त्या दिवशी बडनेऱ्याला लग्न होतं. उजाडायच्या आत फुलं खुडून झाली होती. रुपाली क्रेट घेऊन गाडीमागं आली, डिक्की उघडली, आणि क्रेट छातीशी तसंच धरून उभी राहिली.

डिक्कीत एक काळा, मखमल चढवलेला लाकडी खोका बसवला होता. त्याच्या तोंडाला परातीएवढा वूफर. खालचं रबरी मॅटिंग कापून टाकलेलं. तिनं क्रेट खाली ठेवलं आणि मागची सीट आडवी करायला गेली, तर सीट हलेना. सीटच्या पाठीला स्क्रूनं एक ॲम्प्लिफायर ठोकला होता आणि त्याच्या वायरी खोक्यापर्यंत ताणून बांधल्या होत्या.

"भाऊजी!" ती ओरडली.

सागर, तिचा धाकटा दीर, दात घासत घासतच आला. दोन दिवसांपूर्वी गाडी सर्व्हिसिंगला म्हणून तोच अकोल्याला घेऊन गेला होता. तोंडातला फेस थुंकून तो हसला.

"सरप्राइज होतं, वयनी. कंपनीच्या टेपात काही दमच नव्हता. आता आयक तं एकदा!"

त्यानं चावी फिरवली, गाणं लावलं. धप्प धप्प आवाजानं मागची नंबरप्लेट थरथरायला लागली आणि गोठ्यातली गाय दावं ओढायला लागली. सासरे किसनराव चहाचा कप हातात धरून ओसरीवर आले आणि तसेच परत आत गेले.

"बंद कर," रुपाली म्हणाली. "अन् मले सांग, मी फुलं ठेवू कुठं? तुह्या डोक्यावर?"

रागाच्या भरात 'भाऊजी' कुठल्या कुठं गळून पडलं होतं.

"अवं, मावतीन ना. समोरच्या सीटवर ठेव काही, काही मांडीवर..."

"गाडी मी चालवून राहिली, अन् मांडीवर क्रेट घेऊ? कोनाले इचारून लावलं तू हे? मित्राच्या वरातीत मिरवाले पायजे होतं ना तुले?"

सागर मान खाली घालून दात घासत राहिला. तेवढ्यात तिचा नवरा देवानंद विहिरीवरची मोटर बंद करून मळ्यातून आला. पायाचा चिखल पायरीवर घासत म्हणाला, "त्याले काय बोलतं? मीच हो म्हनलं होतं."

रुपालीनं त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तुमाले ठावूक होतं?"

"हौ."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"इचारलं असतं तं तू नाही म्हनली असती."

हे तो अगदी सहज म्हणाला; त्यात काही वावगं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.  रुपालीचा सागरवरचा राग साधा होता. उनाड दिरावर असतो तसा. हा राग निराळा होता. तिचं उत्तर माहीत होतं म्हणूनच तिला विचारलं नव्हतं. बोलावं तितकं कमी होतं, आणि तिकडं नवरीकडची माणसं वाट पाहत होती. तिनं मिळेल तिथं क्रेटं कोंबली, निम्मी फुलं ओसरीवर ठेवली आणि गाडी अशी काढली की सासू मनकर्णाबाई म्हणाल्या, "हळू, माय!"

मूर्तिजापूर मागं पडलं आणि तिला जळका वास आला. आधी वाटलं, कोणीतरी शेताच्या धुऱ्यावर प्लास्टिक पेटवलं असेल. मग पायाशी, मॅटखालून धुराची बारीक रेघ वर आली. तिनं गाडी एका ढाब्यासमोर बाजूला घेतली, दार उघडून उडी मारली. पुढच्या सीटवरचं क्रेट ओढून बाहेर फेकलं. बोनेटमधूनही धूर येत होता. ढाब्यावर चहा पीत बसलेला एक ट्रकवाला पाना घेऊन धावला आणि त्यानं बॅटरीची तार सोडवली.

धूर हळूहळू विरला. रुपालीनं वाकून पाहिलं. बॅटरीपासून वूफरकडं निघालेली जाड लाल वायर पत्र्याला पाडलेल्या भोकातून आत नेली होती. भोकाला रबर नाही, काही नाही. नागव्या पत्र्याच्या धारेवर वायर घासली होती आणि तिथं तिचं आवरण वितळून तांब्याचे केस बाहेर आले होते.

"इथं फ्यूज पायजे होता, ताई," ट्रकवाला म्हणाला. "कोनं केलं हे काम?"

"घरच्यांनी," रुपाली म्हणाली.

त्यानं लाल वायर बॅटरीवरून काढून टाकली, बाकीची तार परत जोडली. गाडी सुरू झाली. रस्त्याकडेच्या मातीत पडलेली फुलं तिनं ओंजळी ओंजळीनं उचलली. 

बडनेऱ्याला स्टेज सजला, पण गेट उघडंबोडकं राहिलं. नवरीच्या बापानं चारचौघांत सुनावलं, "जमत नाही तं काम घेता कायले?" रुपालीनं ते ऐकून घेतलं. चूक त्याची नव्हती. पण अक्षता पडल्यावर ती जेवायलासुद्धा थांबली नाही. सागरला फोनवर पत्ता विचारून ती तडक अकोल्याला, वूफर बसवलेल्या त्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गेली.

दुकानदार रोहित मोबाइलवर बोलत होता. बोलणं संपवून त्यानं तिच्या मागं कोणी पुरुष आहे का ते पाहिलं.

"सागरभाऊ नाही आले?"

"गाडी माही हाय. माह्यासंग बोला."

"तुमाले नाही समजनार ते टेक्निकल. भाऊले पाठवा, मी सांगतो त्याले."

"मले एवढं समजते का वायर जळली. फ्यूज काहून नाही टाकला?"

"घाई होती भाऊले. अन् एवढ्या गाड्या केल्या आपुन, कोनाची कम्प्लेंट नाही."

रुपाली काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसली आणि आवाज चढवून म्हणाली, "मी आज हायवेवर जळून मेली असती. हे सारं काढून गाडी होती तशी करून द्या. तोवर मी उठत नाही."

शेजारी नव्या गाडीला सीटकव्हर चढवून घेत असलेला एक म्हातारा हे सगळं ऐकत होता. तो हळूच पुढं आला.

"काहो, माह्या गाडीतबी तुमीच बसवलं ना वूफर? तिच्यात फ्यूज हाय का?"

रोहितनं नजर मोबाइलकडं वळवली.

"दाखव मले. आता दाखव."

म्हाताऱ्यानं बोनेट उघडायला लावलं. त्याच्याही गाडीत फ्यूज नव्हता. मग दुकानात जो आरडाओरडा झाला तो समोरच्या टपरीवरही ऐकू गेला. रोहितनं मुकाट्यानं स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. खोका निघाला, ॲम्प निघाला, लाल वायर ओढून काढली. वूफरसाठी कापून पिळलेल्या मागच्या स्पीकरच्या वायरी रुपालीनं समोर उभं राहून पुन्हा नीट जोडून घेतल्या. सीटच्या पाठीची भोकं मात्र राहिली.

घरी येऊन तिनं खोका अंगणात देवानंदसमोर ठेवला. वर ती जळकी वायर टाकली.

"निघालं ना? झालं मंग," देवानंद म्हणाला. "आता कायले तोंड फुगवतं?"

"गाडीत मी होती," रुपाली म्हणाली. "धूर पायाखालून आला."

देवानंदनं वायर उचलली. उघड्या तांब्यावरून बोट फिरवलं. सागर दारामागून म्हणाला, "वयनी, चुकलं माहं." मनकर्णाबाईंनी देवानंदकडं पाहून तोंड फिरवलं. त्यानं वायर परत खोक्यावर टाकली. त्याच्याकडून तिला दोनच शब्द हवे होते, ते आले नाहीत.

सागरनं पुढं तो खोका कोणा मित्राला देऊन टाकला. गाडीची चावी रुपाली आता गळ्यातल्या दोऱ्यात अडकवायला लागली. आठवड्यानं देवानंदला अमरावतीला जायचं होतं. तो सैपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"गाडी घेऊन जाऊ का?"

तिनं भाकरी उलटवली. तव्यावरून नजर न उचलता म्हणाली, "नाही."

 तो पायात चप्पल सरकवून एसटी धरायला निघून गेला. रुपालीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. तसं काही झालं नाही. राग होता तिथंच होता. तिनं पुढची भाकरी थापायला घेतली, इतक्या जोरात की परातीतलं पीठ भुईवर सांडलं.