नदीत सोडलेलं नाव

"यादीत एक पोर जास्त," नर्स वेनिंग माझ्या कानाशी कुरकुरली. "बू सुमिनाह, या वाडीत पोरं आयांना होतात की तुमच्या कॉम्प्युटरला?"

मी हसले; आमच्याकडे बाईला मानाने 'बू' म्हणतात. वजनाचा दिवस होता. गावप्रमुखाच्या ओसरीत काटा टांगलेला, झोळीत एकेक पोर लोंबकळत भोकाड पसरत होतं आणि चुलीवर नारळाच्या दुधातली मुगाची खीर रटरटत होती. नोंदींचं काम माझं. शाळा सहावीपर्यंत, कॉम्प्युटर मी बटणं दाबत, चुकत, बोलणी खात शिकले.

काम तसं सोपं. दर महिन्याला आमच्या वाडीची यादी तालुक्याच्या यादीत जाते आणि तिकडची आमच्याकडे येते. पोर ओळखीचं असेल तर त्याच्या जुन्या ओळीत नवं वजन बसतं, नसेल तर नवी ओळ. पूर्वी नावावरून ओळख पटवायचो. एकदा एकाच नावाची, एकाच दिवशी जन्मलेली दोन पोरं मी बिनदिक्कत एक करून टाकली. त्यातल्या एकाची आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून मी अंदाजाने जोडणं सोडलं आणि प्रत्येकाच्या वजन-लसींच्या गुलाबी पुस्तकाचा नंबर धरला. घर बदलो, बाप बदलो, नंबर तोच. यादी दहा वेळा आणा, पोर एकच राहतं.

म्बाह कार्सीचा, म्हणजे कार्सीआजीचा, नातू सोडून.

तो पाच महिन्यांचा असताना तापाने फणफणला होता. आमच्याकडे अशा वेळी म्हणतात, नाव पोराला पेलत नाही. मग आजीने लाल-पांढरी खीर करून घरोघर वाटली, त्याला वालुयो हे हलकं नाव दिलं आणि जुन्या नावाचं गुलाबी पुस्तक नदीत सोडलं. पोर खडखडीत बरं झालं. जुनं नाव पुन्हा कुणी तोंडातून काढलं नाही. न जाणो, ताप ऐकायचा.

नवं पुस्तक, नवा नंबर. यादीत दोन मुलगे झाले. वालुयो, एकही सुई न टोचलेला. आणि दुसरा, तीन सुया घेऊन नाहीसा झालेला. मी त्याची ओळ पुसायचे, महिनाअखेरीस तालुक्याहून तो परत हजर. दोघे एकच असं कळवलं असतं तर येणं थांबलं असतं. पण ते घरच्यांनी सांगावं लागतं, नावानिशी. आधीची नर्स गावचीच, ती काणाडोळा करायची. वेनिंग या महिन्यात आलेली.

"दीड वर्षाचा घोडा आणि एकही सुई नाही?" तिने वालुयोचा गाल ओढला. "चला म्बाह, आज पहिल्यापासून सुरुवात."

म्बाह कार्सीने नातवाला छातीशी ओढलं. "पहिल्यापासून कशाला? त्याला तीन..."

"म्बाह, काही सांगायचंय?" मी विचारलं.

"मला काय सांगायचंय? खिरीत गूळ कमी आहे तुझ्या."

वेनिंगने पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हा कोण? तुमच्याच घरचा, तारीखही तीच. जुळा का?"

ओसरीतल्या बायकांना एकदम आपापल्या वाट्यांत काहीतरी दिसू लागलं. मीही पडद्यावरच्या तारखा पुन्हा तपासू लागले. ते नाव घेणं माझ्या हातात असतं, तर कधीच घेतलं असतं, असं मी स्वतःला वर्षभर सांगत होते.

"वर्ष झालं दिसला नाही," वेनिंग म्हणाली. "तालुक्याचं म्हणणं आहे, शोधा, नाहीतर वारला म्हणून लिहा. लिहू?"

"वारला?" म्बाह ताडकन उठली. "जिभेला काही हाड आहे का गं तुझ्या? हा बघ, साडेदहा किलोचा बसलाय समोर!"

"हा तर वालुयो."

म्बाह उभीच राहिली. मग खाली बसली, खरबरीत तळव्यांनी नातवाचे दोन्ही कान घट्ट झाकले. तो खिरीचा चमचा चोखत राहिला.

"लिहून घे, सुमिनाह," ती सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाली. "जगदनाता. तोच हा."